फूल पांढरं की पिवळं? शोभेचा भोपळा बियांपासून वाढवताना

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. चौथ्या मजल्यावर त्यांची गच्ची आहे. 'शोभेचे भोपळे' असं लिहिलेलं बियांचं पाकीट त्यांनी मागवलं आणि पाऊस सुरू झाल्यावर जूनच्या शेवटी पेरलं. दहातल्या तीनच बिया उगवल्या. वेल मात्र जोरात वाढले, पांढरी फुलं आली. रोज सकाळी आठ-साडेआठला झाडांना पाणी घालताना त्या नर फूल तोडून मादी फुलावर टेकवत होत्या, तरी फुलाखालचे इवले भोपळे पिवळे पडून गळत राहिले. एकच फळ धरलं. कोरून आत दिवा लावायचा म्हणून ते दिवाळीत उतरवलं, वरून रंगवलं, कपाटावर सुकायला ठेवलं आणि पंधरा दिवसांत ते तळाकडून मऊ होऊन सडलं. त्या विचारतात: माझं कुठे चुकलं? आणि पाकिटावर होते तसे छोटे, पट्ट्यापट्ट्यांचे रंगीत भोपळे मला का नाही मिळाले?

ताई, तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे 'पांढरी'. शोभेचा भोपळा म्हणून जे विकलं जातं त्यात दोन अगदी वेगळी झाडं असतात. कधी पेरायचं, फळ कसं धरवायचं, कधी उतरवायचं, किती टिकेल, हे सगळं त्या एका गोष्टीवर ठरतं: फूल पांढरं आहे की पिवळं.

पांढऱ्या फुलाचा तो आपला तुंबा. दुधी भोपळ्याचीच जात, पण कवच जाड. त्याचं फूल संध्याकाळी उमलतं, पान हाताला मऊ लागतं आणि फळ नीट सुकलं की लाकडासारखं होऊन वर्षानुवर्षं टिकतं. पिवळ्या फुलाचा भोपळा म्हणजे झुकिनीचा, त्या काकडीसारख्या दिसणाऱ्या परदेशी भाजीचा, सख्खा भाऊ. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला, पान खरखरीत, फूल पहाटे उमलतं. त्याची फळं मुठीएवढी, पिवळी, हिरवी, केशरी, अर्धी एका रंगाची अर्धी दुसऱ्या, काहींवर फोडांसारख्या गाठी. दिसायला फार गोड, पण कवच पातळ, आणि काही महिन्यांत रंग उडून जातो. तुमच्या पाकिटावर चित्र या दुसऱ्याचं होतं आणि आत बी पहिल्याचं. असं पाकीट माझ्याही हाती आलेलं आहे. पुढच्या वेळी पेरण्याआधी बी तळहातावर घेऊन बघा. तुंब्याचं बी तपकिरी, जाड, लांबट, एका टोकाला दोन कोपरे बाहेर आल्यासारखं. पिवळ्या फुलाच्या भोपळ्याचं बी फिकट, सपाट, गुळगुळीत, लाल भोपळ्याच्या बीसारखं पण लहान.

तुमच्याकडे तुंबा आला याचं मला मात्र वाईट वाटत नाही. गेली चोवीस वर्षं मी सांगलीजवळ माझ्या परसात तुंबे वाढवते आणि दोन्हींतला एक निवड म्हटलं तर मी तुंबाच निवडीन. आमच्या लहानपणी विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधत. तो काही केल्या बुडायचा नाही. इथून जवळच मिरजेत सतार आणि तंबोरे बनतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्यांचे मोठाले भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. पालघर भागातल्या वारल्यांच्या तारप्याला, त्या फुंकून वाजवायच्या वाद्यालाही, हाच भोपळा लागतो आणि बस्तरमध्ये यालाच 'तुमा' म्हणतात. त्यावर तापलेल्या लोखंडाने नक्षी काढून सुंदर दिवे करतात. तुम्हाला दिवाच करायचा होता ना? मग बी तुम्हाला योग्यच मिळालं होतं.

आता बियांचं. दहातल्या तीन उगवल्या हे ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही. तुंबा मूळचा आफ्रिकेतला आणि माणसाने जहाजं बांधण्याच्या कितीतरी आधी तो अमेरिकेत पोचलेला होता. तो समुद्रावर तरंगत, अटलांटिक ओलांडून गेला असावा, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. असा प्रवास झेलणाऱ्या फळाचं बीही तसंच चिवट असतं, साल जाड आणि पाणी चटकन आत न घेणारी. असं बी तुम्ही पावसाने गच्च झालेल्या, गार कुंडीत टाकलं. साल मऊ होऊन कोंब बाहेर पडायला जो वेळ लागतो तेवढ्यात ते आतून कुजतं.

मी असं करते. बीच्या दोन्ही लांब कडा नेलकटरच्या कानशीने किंवा बारीक पॉलिश पेपरवर हलक्या घासायच्या. फक्त कडा, टोक नाही; टोकाशी कोंब असतो. मग कोमट पाण्यात रात्रभर, बी जुनं असेल तर चोवीस तास भिजवायचं. मटकीला मोड आणतो तसं ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालून उबेला ठेवायचं. फ्रिजच्या मागची किंवा वरची जागा चांगली. पंचवीस-तीस अंश ऊब मिळाली तर पाच-सहा दिवसांत पांढरं टोक दिसतं, काहींना चौदा दिवसही लागतात. फडकं रोज उघडून वास घ्या. आंबूस वास आला तर बिया धुऊन फडकं बदला. टोक दिसलं की लगेच मातीत, बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नाही. या कुळातल्या झाडांना मूळ हललेलं सोसत नाही म्हणून शक्यतो थेट मोठ्या कुंडीतच. रोप आधी करायचं तर कागदी पेल्यात किंवा नारळाच्या करवंटीत, आणि दोन खरी पानं आली की मुळाला हात न लावता गोळ्यासकट खाली उतरवायचं. कधीकधी रोप वर येतं पण बीची टोपी दोन दलांवर, म्हणजे बीतून निघालेल्या पहिल्या जाड पानांवर, घट्ट अडकून बसते. ती ओढू नका. पाण्याचा थेंब सोडून अर्धा तास थांबा, मग नखाने अलगद सरकते.

वेळ ही दुसरी गोष्ट. तुंब्याला पेरणीपासून फळ पूर्ण जून होईपर्यंत पाच महिने धरून चाला, मोठ्या जातीला सहाही लागतात. मी रोहिण्या निघाल्या की, म्हणजे २५ मेच्या सुमाराला पेरते. पावसाची झड लागेपर्यंत रोपाने मूळ धरलेलं असतं, ऑगस्टमध्ये मादी फुलं येतात आणि फळ जून व्हायला ऑक्टोबर ते डिसेंबरची कोरडी हवा मिळते. सुकायला पुढचा अख्खा उन्हाळा असतो. तुम्ही महिनाभर उशिरा पेरलंत आणि दिवाळीलाच उतरवलंत, म्हणजे दोन्हीकडून फळाचा वेळ कापलात. कोकणात किंवा गोव्यात कोणी हे करणार असेल तर मी वेगळं सांगेन: तिथल्या पावसात फुलातला पराग धुऊन जातो, वेलही सडतो, म्हणून पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरच्या शेवटी पेरावं.

कुंडीच्या बाबतीत कंजूषपणा नको. तुंब्याचा वेल सहज वीस-पंचवीस फूट जातो. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा पिंप मधोमध कापला की दोन झाडांची सोय होते, एका अर्ध्यात एकच झाड. रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत तुंबा जगतो पण फळाला साल धरत नाही. निम्मी चांगली माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि थोडं कोकोपीट, त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. वेल मांडवावर चढेपर्यंत पंधरा दिवसांनी गांडूळखताची ओंजळ, फुलं दिसू लागली की युरियासारखं नत्राचं खत पूर्ण बंद आणि चुलीची राख किंवा केळीच्या सालीचं खत सुरू. नत्र जास्त झालं की पानांचं रान माजतं आणि फळ धरत नाही. दुपारच्या उन्हात पानं मलूल दिसतात म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी पानं उभी राहिली तर झाड ठीक आहे. सकाळीही मलूल असेल तरच पाणी कमी पडतंय, किंवा मूळ सडतंय.

मांडव भक्कम हवा. गच्चीवर वारा असतो आणि हिरवं फळ चार-पाच किलोंचं होऊ शकतं. कळकाचा सांगाडा आणि त्यावर जाड तार, नुसतं नायलॉनचं जाळं पुरत नाही. एक मात्र कळकळीने सांगते: वेल कठड्याबाहेर जाऊ देऊ नका. चौथ्या मजल्यावरून पडलेला भोपळा खालच्या माणसाच्या जिवावर बेतेल. मोठ्या फळाला जुन्या साडीच्या पट्टीची झोळी करून ती मांडवाला बांधा, म्हणजे भार देठावर येत नाही. आकारही इथेच ठरतो. लांब मानेचं फळ लटकतं ठेवलं की मान सरळ होते, आमटी वाढायच्या डावासारखी. तेच जमिनीवर आडवं ठेवलं की मान वाकून हंसासारखी होते. ज्याला बूड सपाट हवं ते फळ लहान असताना गवताच्या गादीवर किंवा फळीवर उभं बसवायचं.

मुख्य वेल मांडवापर्यंत पोचला, साधारण दहा-बारा पानं झाली, की त्याचा शेंडा खुडायचा. जिवावर येतं, पण खुडा. मुख्य वेलावर बहुतेक नर फुलंच येतात, मादी फुलं येतात बाजूच्या फांद्यांवर आणि त्यांच्याही फांद्यांवर. व्हिडिओंमध्ये हल्ली यालाच थ्रीजी कटिंग म्हणतात. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे फक्त नर फुलं दिसली तरी घाबरू नका, हे झाड आधी नर फुलंच देतं.

आता तुमचे पिवळे पडलेले इवले भोपळे. ताई, तुमचा हात बरोबर होता, वेळ चुकली. पांढरं फूल रात्रीचं असतं. दिवे लागणीच्या सुमाराला उमलतं, अंधारात दिसावं म्हणून पांढरं, आणि त्याच्याकडे येतात ते रात्री उडणारे मोठे पतंग. सकाळी उन्हं वर येईपर्यंत फूल मान टाकतं. तुम्ही साडेआठला जे फूल टेकवत होतात त्याच्या परागात जोर राहिलेला नव्हता. आणि चौथ्या मजल्यावर, आजूबाजूला दिव्यांचा उजेड असताना, पतंग आपणहून येतील हा भरवसा धरता येत नाही. फळ धरलं नाही की मादी फुलाखालचा भोपळा चार-पाच दिवसांत पिवळा पडून गळतो. तो रोग नव्हता, म्हणून कोणतंही औषध त्यावर चाललं नसतं.

संध्याकाळी साडेसहा ते आठ ही वेळ धरा. दुपारीच वेलावरून नजर फिरवून उद्याची आणि आजची फुलं ओळखायला शिका. आज उमलणारी कळी फुगलेली, पांढरीफेक, टोकाशी सैल झालेली असते. नर फुलाचा देठ लांब, बारीक, काडीसारखा. मादी फुलाचा देठ आखूड आणि त्याखाली लव असलेला हुबेहूब छोटा भोपळा. उमललेलं ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा, मधल्या पिवळसर दांड्यावर बोट फिरवा. बोटाला पीठ लागलं तर पराग तयार आहे. मादी फुलाच्या मध्यभागी जे चिकट, जाडसर, भाग पडलेलं टोक असतं त्यावर ते सगळीकडून फिरवा. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरा, शक्यतो दुसऱ्या वेलावरची. सगळ्या बाजूंनी पराग लागला नाही तर फळ एका अंगाने वाढतं. मग फुलाचं तोंड दोऱ्याने सैलसर बांधा आणि देठाला तारखेची चिठ्ठी लावा. पाऊस असेल तर वर कागदी पेला उपडा घाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भोपळा टवटवीत हिरवा, मान खाली घातलेला दिसला की फळ धरलं. तुमचं ते एक फळ धरलं ते बहुधा एखाद्या पतंगाने, किंवा त्या दिवशी तुम्ही लवकर उठला असाल म्हणून.

सगळी फळं ठेवायची नाहीत. मोठ्या जातीत एका कुंडीच्या वेलावर दोन, मध्यम जातीत चार-पाच. पुढची आलेली फळं कोवळी असतानाच काढून टाका. नाहीतर दहा धरतात आणि एकाचीही साल जाड होत नाही.

फळ धरल्यावर खरी शत्रू म्हणजे फळमाशी. ती कोवळ्या सालीला टोचून आत अंडी घालते, टोचलेल्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो, मग फळ तिथे आक्रसतं आणि आत अळ्या वळवळतात. साल टणक झाल्यावर तिला टोचणं कठीण जातं, म्हणून पहिले तीन-चार आठवडे सांभाळायचे. फळ लिंबाएवढं झालं की मलमलीच्या पिशवीत घालून देठाशी बांधा आणि वाढेल तशी पिशवी बदला. सोबत कामगंध सापळा, म्हणजे वासाने नर माश्यांना ओढून अडकवणारा सापळा लावा, पण दुकानात 'क्यू-ल्यूर' असं नाव घेऊन मागा. आंब्यासाठी मिळतो तो मिथाईल युजेनॉलचा सापळा भोपळ्यावरच्या माशीला उपयोगाचा नाही, आणि पुष्कळदा तोच हातात ठेवला जातो. डागाळलेलं फळ कंपोस्टमध्ये टाकू नका, आतल्या अळ्या मातीत जाऊन पुन्हा माश्या होतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा, मग फेका.

रोप लहान असताना तांबडे भुंगेरे दलं चाळणीसारखी करतात. सकाळी लवकर ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे; वर राख भुरभुरली तरी बरंच काम होतं. पाऊस संपल्यावर पानांवर पांढरी भुरी येते. एक वाटी दूध आणि नऊ वाट्या पाणी असं आठवड्यातून एकदा सकाळच्या उन्हात फवारलं की ती आटोक्यात राहते. फळं जून झाल्यावर भुरी आली तर मी काहीच करत नाही, वेलाचं काम तेव्हा संपत आलेलं असतं.

पुढचं नीट वाचा, कारण ते जिवाशी संबंधित आहे. शोभेचे तुंबे बहुतेक कडू असतात. मिरजेचे वाद्य बनवणारेही कडू भोपळाच पसंत करतात, त्याला कीड कमी लागते म्हणून. हा कडूपणा साध्या कारल्याचा नव्हे. ते विष आहे आणि शिजवून जात नाही. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्यामुळे एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता आणि त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने कडू लागलेला दुधीचा रस अजिबात पिऊ नये असं बजावलं होतं. तुंबा आणि खायचा दुधी ही एकाच जातीची झाडं, त्यामुळे दोन्ही शेजारी असतील तर संकर होतो. या वर्षीच्या दुधीच्या चवीत त्याने फरक पडत नाही, पण त्या दुधीचं बी तुम्ही ठेवलंत आणि पुढच्या वर्षी लावलंत तर कडू फळ येऊ शकतं, दिसायला अगदी भाजीच्या दुधीसारखं. म्हणून माझा नियम आहे की ज्या वर्षी तुंबे लावते त्या वर्षी दुधीचं घरचं बी धरत नाही, विकतचंच आणते. आणि कोणाच्याही घरचा दुधी असो, चिरताना एक कण जिभेवर ठेवून बघते. कडू लागला की थुंकायचं, चूळ भरायची आणि फळ फेकून द्यायचं.

पिवळ्या फुलाच्या भोपळ्याचं आणि झुकिनीचं नातं तसंच आहे. जर्मनीत २०१५ मध्ये घरी पिकवलेली कडू झुकिनी खाऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला. लाल भोपळा आणि तुंबा यांचा मात्र संकर होत नाही, कूळ एकच असलं तरी त्यांच्या प्रजाती निराळ्या आहेत. त्याची काळजी नको.

आता तुमचा सडलेला भोपळा. बाजारात दुधी घेताना आपण नख मारून बघतो, नख रुतलं तर कोवळा म्हणून घेतो. तुंब्याला हीच परीक्षा उलटी. नख रुतलं तर अजून हात लावायचा नाही. फळ महिन्याभरात पूर्ण आकाराचं होतं आणि तिथेच सगळे फसतात. आकार झाला म्हणजे फळ झालं असं वाटतं. साल लाकूड व्हायला त्यानंतर आणखी दोन-अडीच महिने लागतात. तुमचं फळ दिवाळीत फार तर दीड-दोन महिन्यांचं असेल. वरून हिरवं, चकचकीत, भरलेलं, आणि आत सगळं पाणी.

जून फळाच्या खुणा अशा: अंगावरची लव झडून साल गुळगुळीत होते, हिरवा रंग फिका पडून पिवळसर किंवा गवती होतो, देठ आणि देठाजवळचा तणावा (वेल आधाराला धरतो तो पिळदार तंतू) तपकिरी होऊन वाळतो, उचलल्यावर फळ दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं. मी तर वेल पूर्ण वाळेपर्यंत फळं मांडवावरच ठेवते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, जानेवारीचं ऊन कोरडं असतं, घाई करायचं कारणच नाही. फक्त अवकाळी पाऊस आला तर वर प्लास्टिक टाकते. उतरवताना कात्रीने, देठाची दोन-तीन इंच काडी ठेवून. देठ मुळापासून उपटला गेला तर ती उघडी जागा म्हणजे बुरशीला दारच.

आणि रंग. सालीतून पाणी बाहेर पडायला वाट हवी असते, ती तुम्ही रंगाने बंद केलीत. कपाटावर हवाही खेळत नव्हती. सुकवायला सावलीची, वाऱ्याची जागा हवी. जुन्या खाटेवर किंवा तारेच्या जाळीवर, फळं एकमेकांना न टेकता, आठवड्यातून एकदा फिरवून. कडक उन्हात ठेवू नका, साल तडकते. सुकताना वरून काळी-पांढरी बुरशी येणारच. ते पाहून लोक फळ फेकून देतात आणि मला फार हळहळ वाटते. बुरशी वरच्या पातळ सालीवर असते, खालचं कवच टणक असेल तर काही बिघडलेलं नाही. त्या बुरशीनेच पुढे सुंदर तपकिरी छटा उमटतात. दाबल्यावर बोट आत गेलं, पाणी सुटलं, घाण वास आला तरच फळ गेलं.

किती सुकलं हे कळायला मी स्वयंपाकघरातला काटा वापरते. प्रत्येक फळाला चिठ्ठी, त्यावर तारीख आणि वजन, दर पंधरा दिवसांनी पुन्हा. हिरव्या फळाचं बहुतेक वजन पाण्याचंच असल्यामुळे ते आधी भराभर उतरतं, मग हळू. लागोपाठ दोन वेळा तेच वजन आलं की झालं. हलवल्यावर आत बिया खुळखुळतात, पण काही फळांत त्या वाळलेल्या गरात चिकटून बसतात, म्हणून आवाजापेक्षा काट्यावर माझा जास्त विश्वास. लहान फळाला दीड महिना, मोठ्याला चार ते सहा महिने. लवकर सुकावं म्हणून भोक पाडू नका. आत हवा गेली की गर सडतो.

पूर्ण सुकल्यावर फळ तासभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं आणि तारेच्या घासणीने घासायचं, वरची साल आणि बुरशी निघून खालचं गुळगुळीत लाकूड दिसतं. कापताना बारीक दात्यांचं पातं घ्या आणि नाकातोंडाला मास्क बांधल्याशिवाय कापू नका. आतली धूळ बुरशीने भरलेली आणि कडू असते, श्वासातून गेली तर छाती धरते, खोकला दिवस-दिवस जात नाही. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावं. आतला गर निघत नसेल तर गरम पाणी भरून रात्रभर ठेवा, चमच्याने खरवडा, मग परत वाळवा. दिव्यासाठी नक्षी पेन्सिलने काढून बारीक ड्रिलने भोकं पाडायची आणि आत एलईडीचाच दिवा ठेवायचा, पणती नाही. कवच पेट घेतं. वरून रंग नको असेल तर जवसाच्या तेलाचा किंवा मेणाचा हात पुरतो. चिमण्यांसाठी घरटं करायचं असेल तर सव्वा इंचाचं भोक, तळाला पाणी निथळायला दोन-तीन बारीक छिद्रं, आणि आतून रंग अजिबात नाही.

रंगीत छोट्या भोपळ्यांचं थोडक्यात सांगते. ते तुम्हाला हवेच असतील तर पावसाळ्याच्या नादी लागू नका, त्यात ते भुरीने आणि कुजून जातात. ऑक्टोबरमध्ये पेरा. बी पातळ असतं, चार-सहा तास भिजवलं तरी पुरे. वीस-पंचवीस लिटरची कुंडी, हलका मांडव चालतो. फुलं पहाटे उमलतात आणि दहाच्या आत मिटतात, मधमाश्या येतात; नाही आल्या तर तुमची साडेआठची वेळ इथे अगदी जमेल. जानेवारी-फेब्रुवारीत देठ वाळला की उतरवा, ओल्या फडक्याने पुसा आणि टोपलीत मांडा. होळीपर्यंत घर उजळून टाकतात. ते कापायचे, कोरायचे नाहीत, आणि मुलांना खेळायला दिले तर तोंडात घालणार नाहीत एवढं बघा.

शेवटी एक विचारायचं राहिलं. तो सडलेला भोपळा तुम्ही फोडून बघितलात का? फेकला नसेल तर हातमोजे घालून फोडा. आतल्या बिया पांढऱ्या, मऊ, चपट्या असतील तर उपयोग नाही. पण एखाद-दुसरी तपकिरी, टणक आणि भरलेली निघाली तर ती धुऊन, सावलीत वाळवून, कागदी पाकिटात कोरड्या डब्यात ठेवा. चार-पाच वर्षं उगवते. यंदा २४ मेच्या रात्री ती भिजत घाला.